बीट्रिसबाईंच्या कॉम्प्युटरची करर्र-टक

ठाकूरद्वार
२० नोव्हेंबर २०२५

प्रिय बाबुराव,

दोन वर्षांत एक ओळ नाही आणि आता काम पडलं तशी बाईंना आठवण झाली, असं म्हणाल. म्हणा. गिरणीच्या ऑफिसात माझा टाइपराइटर अडला की मी मागांच्या साळखात्यातून तुम्हालाच बोलावून घेत असे. ती सवय गिरणी बंद पडली म्हणून थोडीच सुटणार?

फोनच करणार होते. पण तुम्ही फोनवर ‘हो हो, बरं बरं’ एवढंच म्हणता आणि ठेवून देता. पत्राला मात्र घसघशीत उत्तर येतं.

तर झालंय असं. माझ्या धाकट्या भावाने, लॉयडने, मला नवा कोरा कॉम्प्युटर घेऊन दिला. त्याच्या पोटात हार्ड डिस्क नावाची एक चपटी डबी आहे. आपण जे काही साठवू ते तिच्यात जातं. ही डबी बोलते. आधी करर्र, मग टक. करर्र-टक, करर्र-टक, दिवसभर. दुकानातला गौतम दोनदा येऊन गेला. “आंटी, नवीन मशीन आहे, सेट व्हायला टाइम लागतो, टेन्शन मत लो,” म्हणाला, आणि माझे दोन चिकन पॅटिस खाऊन गेला.

एरवी मी सोडून दिलं असतं. पण लॉयडच्या मुलीचं, वेन्डीचं लग्न आहे, १८ जानेवारीला. आदल्या संध्याकाळी आमच्या वाडीतल्या विहिरीवर उंबराचं पाणी भरायचं. माझ्या बहिणीच्या वेळी तुम्ही आला होतात, आठवतं ना? बायका वाजतगाजत विहिरीवर जातात, गाणी म्हणतात, त्याच पाण्याने नवरीला आंघोळ घालतात. ती गाणी सगळीच्या सगळी येणारी आता आमच्यात मी एकटी उरले आहे. आणि मीही बहीण गेल्यापासून बारा वर्षं गायले नव्हते.

वेन्डी म्हणते, “आंटी, गाणार कोण? त्यापेक्षा डीजे लावू.” मी हट्टाने म्हटलं, मुलींना शिकवते. तिने अट घातली: वसईची आमच्या नात्यातली अँड्रिया आणि तिच्या मैत्रिणींना ख्रिसमसच्या आत पाच गाणी आली, तर डीजे नाही. मुली वसईला, मी इथे. म्हणून मी गाऊन कॉम्प्युटरवर साठवायचं आणि त्यांना पाठवायचं, असं ठरलं. माइक वेन्डीनेच आणून जोडून दिला. आता मी गाते आणि मागे ही बया करर्र-टक करते. मोबाइलमध्ये गा म्हणू नका, तो रोजच्या दीडशे गुड मॉर्निंगनी तुंबलेला आहे.

ही गाणी माझ्याबरोबर शिवडीच्या कबरस्तानात जाऊ नयेत, एवढंच मागणं आहे. काय करू सांगा. शेवंतीबाईंना नमस्कार.

तुमची,
बीट्रिस मिरांडा


लालबाग
२५ नोव्हेंबर २०२५

बीट्रिसबाईंना बाबुराव परबाचा नमस्कार.

पत्र मिळालं, आनंद वाटला. काम पडलं म्हणून का होईना, पडलं हे बरं झालं. इथे मला कोणी काम सांगत नाही. सून मिक्सर बिघडला तर सरळ नवा मागवते.

यंत्र नवं असल्यामुळे आवाज करतं, ही थाप मी बत्तीस वर्षं ऐकली. नव्या मागाबरोबर येणारा इंजिनिअर हेच सांगायचा आणि आठवड्याने शाफ्ट वाकडा निघायचा. यंत्र उगाच बोलत नाही. त्याला काही सांगायचं असतं.

पुढील प्रश्नांची उत्तरं द्यावीत. कॉम्प्युटर नुसता चालू असताना आवाज येतो, की काम सांगितल्यावर? करर्र आणि टक यांच्यामधलं अंतर सारखं राहतं की कमीजास्त होतं? पेटीवर हात दाबून धरला तर आवाज बदलतो का?

शेवटची परीक्षा महत्त्वाची. स्वयंपाकघरातला लाकडी डाव घ्या. त्याचं एक टोक दातांत घट्ट धरा, दुसरं पेटीला टेकवा. दोन्ही कान बोटांनी बंद करा. काय जाणवतं ते लिहा. हसू नका. कान फसतात, दात फसत नाहीत. साळखात्यात एवढ्या गोंगाटात बिघडलेला माग आम्ही असाच हुडकायचो.

शेवंतीचा नमस्कार. तिने तुमच्या घरी कुटलेल्या बाटली मसाल्याची आठवण काढली आहे, मी फक्त कळवतो.

आपला,
बाबुराव


ठाकूरद्वार
२९ नोव्हेंबर २०२५

प्रिय बाबुराव,

तुमच्या त्या परीक्षेने माझी वाडीत शोभा झाली. मी डाव दातांत धरून, कानांत बोटं घालून, डोळे मिटून कॉम्प्युटरपुढे बसले होते. दार उघडं होतं. डोळे उघडले तर समोर आमचा पोस्टमन आनंदा रजिस्टर घेऊन उभा. बिचारा म्हणाला, “सावकाश होऊ द्या बाई, मी नंतर येतो.” संध्याकाळपर्यंत तिघीजणी माझी तब्येत विचारून गेल्या.

आता उत्तरं. नुसता चालू असताना फक्त घुंघुं होतं. काम सांगितलं, म्हणजे मी गाणं साठवायला लागले, की करर्र-टक सुरू. अंतर अगदी सारखं, मेट्रोनोम लावावा तसं. पेटीची उजवी बाजू दाबली की टक बारीक होतं. आणि दातांत? खरं सांगते, दाढा खुळखुळल्या. करर्र बारीकसं, पण टक जोरात, जणू कोणी आतून टिचकी मारतंय.

अँड्रियाचा रोज फोन, “आंटी, गाणी कधी?” शेवटी थांबले नाही. पाचही गाणी करर्र-टकसकट गायले आणि पाठवून दिली. वरमाईच्या नाकावर माशी बसते ते गाणंसुद्धा. गाताना सुरुवातीला गळा बसलेला होता, मग मोकळा झाला. बारा वर्षांनी स्वतःचा आवाज ऐकला, बाबुराव. चार जागी चुकला, पण माझाच होता.

मागून ती टकटक ऐकली की मात्र गाणं साठलं आहे ना, ते मी दोनदा बघते. डिस्क मरायला टेकली असेल, तर तसंही सांगून टाका.

बीट्रिस

ता. क. मसाला भरून ठेवला आहे. न्यायला माणूस लागेल.


लालबाग
२ डिसेंबर २०२५

बीट्रिसबाई,

डिस्क मरत नाही. मरणारं यंत्र ताल सोडतं, तुमचं तालात आहे. उजवी बाजू दाबून फरक पडतो म्हणजे पकड ढिली आहे.

परवा गुरुवारी सकाळी अकराला येतो. हत्यारं माझी. तुम्ही फक्त एक जुनी हवाई चप्पल आणि दोन हात परकराचं इलॅस्टिक काढून ठेवा. गौतमला बोलावू नका, पॅटिस कमी पडतील.

बाबुराव


ठाकूरद्वार
८ डिसेंबर २०२५

प्रिय बाबुराव,

चार दिवस झाले, कॉम्प्युटर मुक्यासारखा बसला आहे. मधूनमधून मीच पेटीवर हात ठेवून बघते, चालू आहे ना.

तुमचं काम बघताना मला पुन्हा गिरणीतलं ऑफिस आठवलं. कान लावला नाहीत, विचारपूस केली नाहीत. पेटीवर नुसता तळहात ठेवलात, डोळे मिटलेत आणि म्हणालात, “चारातले दोनच स्क्रू लावलेत.” उघडून बघितलं तर खरोखर दोनच! मग चपलेचे वायसर काय कापलेत, डबीला इलॅस्टिकच्या झोळीत काय टांगलंत. गौतमला सांगितलं तर त्याने फोटो मागितला आहे.

एक मात्र आहे. कामात तुम्ही फारच गढून जाता हो. चहा की कॉफी, म्हणून मी तीनदा विचारलं, तर तिसऱ्यांदा म्हणालात, “दहा मिनिटं तरी लागतील.” निघताना जिन्यावरून मसाल्यासाठी हाका मारल्या, तर वळून बघितलं नाहीत. बरणी माझ्याकडेच राहिली.

शनिवारी मी पाचही गाणी पुन्हा गायले. एकदम स्वच्छ. अँड्रियाला पाठवली आणि बजावलं, आधीची पुसून टाका.

सोबत पत्रिका आहे. १७ तारखेला संध्याकाळी पाचला विहिरीवर. दोघांनी यायचं. हे आमंत्रण नाही, ऑर्डर आहे.

बीट्रिस


लालबाग
११ डिसेंबर २०२५

बीट्रिसबाई,

झोळी महिन्याने एकदा बघावी, इलॅस्टिक सैल पडलं तर बदलावं. नाड्याने बांधू नये, ताण बसेल.

पत्रिका सुंदर आहे. चि. सौ. कां. वेन्डीला आमचे आशीर्वाद. परंतु शेवंतीचा गुडघा फार धरला आहे. तिला जिना उतरवत नाही आणि तिला एकटं सोडून मला येता येत नाही. तरी राग नसावा.

बाबुराव


ठाकूरद्वार
१७ डिसेंबर २०२५

बाबुराव,

हे पत्र दोन कारणांनी लिहिते आहे. एकाने मी हसते आहे आणि दुसऱ्याने चिडले आहे. आधी हसण्याचं.

स्वच्छ गाणी पाठवली, त्यानंतर आठवड्याने अँड्रियाचा फोन. “आंटी, ही नवीन चुकीची आहेत.” म्हटलं, कुठे चुकले? म्हणते, “तुम्ही नाही चुकलात. ते वाद्य राहिलं ना!” मी म्हटलं, कसलं वाद्य? तर ती फोनवर तोंडाने वाजवून दाखवते: करर्र-टक, करर्र-टक.

बाबुराव, त्या आठजणींनी पंधरा दिवस त्या टकटकीवर ताल धरून गाणी बसवली आहेत! एकीने बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात चिंचोके भरले. डबा फिरवला की करर्र, वर चमचा मारला की टक. हुबेहूब. त्यांना वाटलं, आमच्या जुन्या लोकांचं काहीतरी विसरलेलं वाद्य आहे आणि आंटीने ते मुद्दाम कुठून तरी शोधून वाजवून घेतलंय. “त्याच्याशिवाय गाणं उभंच राहत नाही, आंटी.”

मी सांगणारच होते. तेवढ्यात वेन्डीचा मेसेज आला. मुलींनी तिला व्हिडिओ कॉलवर गाऊन दाखवलं होतं. तिने लिहिलंय, “डबा मस्त! डीजे कॅन्सल.” आता सांगा, मी काय बोलू? खरं सांगितलं तर मुली हिरमुसतील आणि डीजे परत येईल. नाही सांगितलं तर माझ्या आईची, आजीची गाणी एका ढिल्या स्क्रूवर उभी राहतील. मी गप्प बसले आहे आणि रविवारी कन्फेशनला फादरपुढेही बसायचं आहे.

आता चिडण्याचं. काल लालबागला मसाला गल्लीत गेले होते, लग्नाच्या मसाल्याची उरलेली मिरची घ्यायला. समोरून डोक्यावर पाच किलो मिरची घेऊन कोण भरभर येतंय? शेवंतीबाई. मी म्हटलं, अहो, गुडघा? त्या तिथेच उभ्या राहून हसायला लागल्या. “गुडघो? माझो गुडघो दगडासारखो आसा! बाई, तेंका आयकाक येना नाय, म्हणान लाजतत. दहा वर्सां झाली. तुमच्याकडे आयले तेव्हा कळूक नाय तुमका?”

नाही कळलं हो. फोनवरचं ‘बरं बरं’, चहाचं ‘दहा मिनिटं’, जिन्यावरच्या हाका, सगळं काल बसमध्ये एकेक करून कळलं. माझीच मला लाज वाटली. आणि तुमचा राग आला. ऐकू येत नाही हे तुम्ही माझ्यापासून लपवलंत? मी चाळीस वर्षं तुमच्यासमोर ‘रिसीव्ह’चं स्पेलिंग चुकवते आहे, मी लपवलं?

बीट्रिस


लालबाग
२१ डिसेंबर २०२५

बीट्रिसबाई,

शेवंतीने घरी येऊन सगळं सांगितलं. हातवारे करून, दोनदा सांगितलं.

होय, कान गेले. मागांनी नेले. यंत्र लावलं तर कानात सगळी गिरणी सुरू होते, म्हणून काढून ठेवलं. तुमच्या डिस्कचा आवाज मी एकदाही ऐकला नाही, फक्त हाताला लागला. बहिऱ्या माणसाला आवाजाची तक्रार सोडवायला बोलावलंत, हे कळलं असतं तर तुम्ही मला बोलावलंच नसतं, ही भीती होती. आणि मला फार यायचं होतं. गुरुवारी मी सहाला उठून दाढी केली.

लग्नाचं म्हणाल, तर गाण्याच्या कार्यक्रमात मी काय करायचं? लोक हसले की मागून हसायचं, याचा कंटाळा येतो. अगदी बहिरा ठोंब्या आहे असं नाही. साळखात्यात कोणाला कोणाचं ऐकू यायचं नाही, तेव्हापासून आम्ही ओठ वाचतो. समोरचा माणूस नीट दिसला तर मला कळतं. तुम्ही त्या दिवशी पाठीमागून बोललात.

आता तुमचा प्रश्न. सांगून टाका. फिटर म्हणून सांगतो. बिघाड लपवला की तो एक दिवस दुसऱ्याच्या बोटावर येतो. मी माझा लपवला, तुम्ही बघितलंतच. गाणी खरी असतील तर एका स्क्रूपायी पडणार नाहीत. पडली, तर मी येऊन तुमच्याबरोबर उभा राहतो. मग आणा डीजे, मला काय, मला ऐकू येत नाही.

येतो आम्ही. दोघं.

बाबुराव


ठाकूरद्वार
२० जानेवारी २०२६

प्रिय बाबुराव,

घर अजून पाहुण्यांनी भरलेलं आहे, बाथरूमसाठी रांग आहे, म्हणून पत्र लिहायला वेळ मिळाला. निघताना तुम्ही विचारलंत, विहिरीवर मी बोलले तेव्हा सगळे एवढे का हसले. गर्दीत सांगता आलं नाही. आता सगळं सांगते.

माझा धीर होईना, हे तुम्ही बघितलंच असेल. ख्रिसमस गेला, सांगितलं नाही. फादरनेही तुमचंच म्हणणं सांगितलं, तरी सांगितलं नाही. १७ तारखेला विहिरीच्या जाळीचं कुलूप निघालं, मुली लुगडी नेसून उभ्या, हातांत आठ डबे. मनात म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. हात वर केला आणि बोलले: “पोरींनो, गाण्याआधी ऐका. हे जुनं वाद्य नाही. माझ्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कचे दोन स्क्रू लावायचे राहिले होते, त्याचा आवाज आहे. आपल्याकडे असलं काही कधी वाजवत नव्हते. मी आधी बोलले नाही, माझं चुकलं. डबे खाली ठेवा आणि नुसत्या गा. आणि वेन्डीला डीजे हवा असेल तर मी रागावणार नाही.”

तेवढ्यात आमचे एडवर्ड काका, वय वर्षं नव्वद, खुर्चीतून काठी आपटत उठले. “काय बोलतेस तू बीट्रिस? कॉम्प्युटर? हे माझी आई वाजवायची! पितळेच्या डब्यात कवड्या घालून! तुझा जन्म तरी झाला होता का तेव्हा?”

मी म्हटलं, काका, स्क्रू. ते म्हणाले, “स्क्रू तुझ्या डोक्याचा!” तेव्हा सगळी वाडी हसली. मी तुमच्याकडे हात केला, हे फिटर साक्षीदार आहेत म्हणाले. तुम्ही मान डोलावलीत, तर अँड्रियाने तुमच्याच हातात एक डबा दिला, आणि तुम्ही तो वाजवायला लागलात! साक्षीदार असा फुटला. मग मला कोण विचारतो? गाणी सुरू झाली. पाचही म्हटली, मग पहिल्यापासून पुन्हा म्हटली. वरमाईने स्वतः नाकावरची माशी हाकलून दाखवली.

मी घागर घेऊन विहिरीत वाकले होते, पाठ सगळ्यांकडे. मागून आठजणींचे आवाज, मग वीस, मग किती कोण जाणे. घागर भरून वाहिली तरी मी वर ओढली नाही. रडत होते, म्हणून. आता मी गेले तरी चालेल. पण घाई नाही.

एकच टोचतं. मी बोलले तेव्हा वेन्डीचा चेहरा मला दिसला नाही. डीजे गेला म्हणून ती मनातून नाराज तर नसेल? लग्नघाईत विचारता आलं नाही आणि आता ती आणि तिचा नवरा ज्युलियन केरळला गेलेत.

काका खरं बोलले की नव्वदीतलं बोलले, देव जाणे. तुम्हाला काय वाटतं?

बीट्रिस


लालबाग
२४ जानेवारी २०२६

बीट्रिसबाई,

काकांचं मला ठाऊक नाही. पण वेन्डीचं ठाऊक आहे. ती माझ्या बरोबर समोर बसली होती, तोंडावर उजेड होता. दुसऱ्याचं बोलणं ओठांवरून चोरून वाचू नये, हा साळखात्यातला नियम आहे. तो मोडतो.

तुम्ही स्क्रूचं सांगत होतात, तेव्हा ती अँड्रियाच्या कानाला लागून म्हणाली, “मला माहीत होतं गं. माइक लावायला गेले त्याच दिवशी डिस्कचा आवाज ऐकला होता. मी गौतमला म्हटलं, आता हात लावू नकोस. आंटी बारा वर्षांनी गायला बसली होती, तिला मध्येच कशाला थांबवायचं?”

अँड्रियाने विचारलं, “आणि डीजे?” ती म्हणाली, “डीजे बोलावलाच नव्हता कधी.”

मग तुम्ही विहिरीत वाकलात. तेव्हापासून ती गात होती. नवरीने गायचं नसतं म्हणून आवाज काढत नव्हती, नुसते ओठ. पाचही गाणी, दोन्ही वेळा. मी डबा वाजवत होतो आणि तिच्या ओठांवर बघत होतो. बाई, तिचा एकही शब्द चुकला नाही.

बाबुराव